पन्नास टक्के आणि 'जशास तसे'

ऑगस्ट २०२५ मध्ये सोलापूरच्या टेरी टॉवेलवाल्यांच्या तोंडी एकच आकडा होता : पन्नास, म्हणजे अमेरिकेने भारतीय मालावर लावलेले जादा आयात शुल्क. त्यातले पंचवीस टक्के ७ ऑगस्टला लागले, उरलेले पंचवीस २७ ऑगस्टला. खरे तर सुती टॉवेलवर अमेरिकेचे ९.१ टक्के शुल्क आधीपासून होतेच, म्हणजे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून निघालेल्या मालावर ५९ च्या वर आकारणी झाली. पहिल्या पंचविसाचे नाव 'जशास तसे शुल्क'. दुसऱ्याला आपल्याकडे सगळे 'दंड' म्हणू लागले. अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर टीका रास्त की हा नुसता हिशेबाचा राग, या वादात दोन्ही शब्द एकाच पोत्यात भरले गेले. त्यांची कुळी मात्र वेगळी आहे.

तिकडच्या निर्णयाने इकडचा भाव हलणे हे जुनेच. १८६१ च्या अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, तिथला कापूस अडला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर तुटून पडल्या आणि दख्खनमध्ये पैसा खुळखुळला. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज तेवढे उरले.

पुढचा टप्पा धान्याचा. १९५४ च्या अमेरिकी कायद्याखाली रुपयांत मिळणारा गहू १९५६ पासून येऊ लागला. १९६५-६६ च्या टंचाईत दिल्लीने व्हिएतनामच्या बॉम्बवर्षावावर बोट ठेवले, तेव्हा वॉशिंग्टनने हा पुरवठा हातातल्या लगामासारखा वापरला. वर्षाचा करार नाही, जहाजे थोड्या थोड्या मुदतीने सुटत. पुढे १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी तांबडी मिलो ज्वारी आली. मालदांडीची भाकरी खाणाऱ्या या जिल्ह्यात जुनी माणसे तिची आठवण अजून तोंड वाकडे करूनच काढतात. तरी त्या धान्याने पोटे भरली, हेही तितकेच खरे.

आता 'जशास तसे' कडे. मराठीत याचा अर्थ सरळ आहे : तू जेवढे घेतोस तेवढेच मी घेईन. २ एप्रिल २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये जो तक्ता दाखवला गेला, त्यात भारत अमेरिकेकडून ५२ टक्के घेतो असे लिहिले होते आणि 'सवलतीत' भारतावर २६ टक्के लावले होते. हे ५२ कोणत्याही जकात पुस्तकात सापडत नाहीत. भारताच्या आयात शुल्काची सरासरी तेव्हा १७ टक्के होती, अमेरिकेची ३.३, आणि हे दोन्ही आकडे त्याच दिवशीच्या अमेरिकी आदेशात छापलेले आहेत! मग ५२ आले कुठून? २०२४ मध्ये अमेरिकेने भारताकडून सुमारे ८७.४ अब्ज डॉलरचा माल घेतला, त्यात तिची व्यापार तूट, म्हणजे विक्रीपेक्षा जास्तीची खरेदी, ४५.७ अब्ज. तुटीला आयातीने भागा, ५२ टक्के येतात. त्याचे निम्मे २६. झाला दर तयार.

म्हणजे मोजले ते शुल्क नव्हतेच, तूट होती. आपण टॉवेल जास्त विकतो आणि त्यांच्याकडून माल कमी घेतो, एवढाच तो गुन्हा. सेवांचा व्यापार हिशेबात धरलाच नाही. ज्या देशांशी अमेरिकेची शिल्लक आहे त्यांच्यावरही दहा टक्के लागलेच, आणि जिथे पेंग्विनखेरीज कोणी राहत नाही अशी बेटेही यादीत आली. कोणाशी जशास तसे, हे त्या पेंग्विनांना विचारावे लागेल. ९ एप्रिलला ९० दिवसांची स्थगिती मिळाली. ऑगस्टमध्ये २६ चे २५ झाले ते वाटाघाटी फिसकटल्यानंतर. सूत्र तोवर बाजूला पडले होते, शब्द मात्र कायम राहिला. माझ्या मते टीकेची खरी जागा इथे आहे. स्वतःचा बाजार सांभाळायचा हक्क कोणालाही आहे. तो सांभाळताना एका मोजमापाला दुसऱ्याचे नाव देणे, ही वेगळी गोष्ट.

'दंडा'ची कथा तेलाची. २०२२ पूर्वी भारताच्या कच्च्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता, मग तो तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिका आणि तिच्या मित्रांनी रशियाच्या तेलाला पिंपामागे ६० डॉलरची कमाल किंमत घातली, ती तेल वाहते राहावे पण रशियाला पैसा कमी मिळावा म्हणून. अमेरिकेच्या दिल्लीतल्या राजदूतानेच २०२४ मध्ये सांगितले होते की, त्या किमतीत कोणीतरी हे तेल घ्यावे अशी आमचीच इच्छा होती. पुढच्याच वर्षी त्याच खरेदीवर पंचवीस टक्के. चीन रशियाचे तेल भारताहून अधिक घेत होता, पण हा भुर्दंड त्याच्यावर आला नाही.

आपली बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असे नाही. कच्च्या कापसावर आपलेच ११ टक्के शुल्क होते. ते १९ ऑगस्टपासून घाईने उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वर्षाअखेरपर्यंत. बाहेरचा स्वस्त कापूस सूतगिरण्यांना हवाच होता. ऐन हंगामाच्या तोंडावर कापूस उत्पादक मात्र हवालदिल झाला.

शुल्क अमेरिकेतला आयातदार भरतो, भारत नव्हे, हे पुस्तकात बरोबर आहे. पण त्या बायरच्या टेबलावर तेव्हा पाकिस्तानचा टॉवेल १९ टक्के जादा शुल्कावर आणि बांगलादेशचा २० टक्क्यांवर पडलेला होता, त्यामुळे तो सोलापूरला फोन करून भाव पाडून मागत होता. सुताचा भाव पाडता येत नाही, विजेचा दर तर नाहीच. उरते मजुरी आणि मालकाचा नफा.

६ ऑगस्टच्या आदेशात एक फट होती : २७ ऑगस्टपूर्वी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरपूर्वी अमेरिकेत उतरलेला माल दुसऱ्या पंचविसातून सुटेल. न्हावा शेव्याहून पूर्व किनाऱ्याला जहाजाला महिन्याच्या आसपास लागतो. म्हणजे कागदावर तारीख २७ ऑगस्ट, पण सोलापूरच्या कंटेनरला खरी मुदत ऑगस्टच्या मध्याचीच होती, आणि आदेश हाती पडून तेव्हा जेमतेम आठ-दहा दिवस झाले होते.