बालवयातील गणिताचा आत्मविश्वास आणि लिंगभाव

‘हे गणित मला जमेल’ हा लहान मुलाचा वा मुलीचा स्वतःवरचा भरवसा, आणि मुलगा किंवा मुलगी असण्याचा त्यावर होणारा परिणाम. गणिताची समज आणि हा भरवसा या वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत पाऊल टाकताना मोजणी, लहानमोठे ओळखणे यांत मुलगे व मुली जवळपास बरोबरीत असतात. फ्रान्समधील २५ लाखांहून अधिक मुलांच्या चाचण्यांवरचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पहिलीच्या अवघ्या चार महिन्यांत मुलगे पुढे गेलेले दिसले. अमेरिकेतील २०१७ च्या अभ्यासात सहा-सात वर्षांच्या मुली ‘खूप हुशार मुलांसाठी’ म्हणून सांगितलेल्या खेळापासून दूर राहू लागल्या; पाच वर्षांच्या मुलींत तसे नव्हते. शिक्षिकेची गणिताची भीतीही मुलींपर्यंत पोचते, असे तेथीलच २०१० च्या अभ्यासात आढळले. मुलग्यांवर तिचा परिणाम दिसला नाही.

मुलींना हिशेब जमत नाही हा समज गोव्यात तरी टिकायला नको होता. म्हापशाच्या बाजारात मासे विकणारी बाई वाट्याचा भाव, गिऱ्हाइकाची घासाघीस आणि परत द्यायचे सुटे पैसे तोंडी जुळवते. दिवाळीत अंगणात १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी घालणारी मुलगी मधली ओळ १५ ची धरते आणि दोन्ही बाजूंना एकेक ठिपका कमी करत ८ वर येते. एकूण १६९ ठिपके, एक चुकला तर नक्षी बिघडते. मोजणी, क्रम, सममिती, सगळे गणितच आहे. घरात मात्र तिच्या ‘हाताला वळण’ आहे म्हणतात, आणि दुकानातून सुटे नीट मोजून आणणारा भाऊ ‘हिशेबाला पक्का’ ठरतो. कौतुकातला हा भेद मुलांना फार लवकर कळतो.

वर्गात पाढे घडाघडा म्हणण्याची शर्यत लावली, पहिला हात वर करणाऱ्यालाच फळ्यापाशी बोलावले, की चुकण्याला भिणारी मुले मागे राहतात, आणि त्यांत मुली अधिक असतात. ‘निपुण भारत’ (२०२१) अभियानाने तिसरीअखेर पायाभूत संख्याज्ञानाचे उद्दिष्ट ठेवले; पण उत्तर येत असूनही गप्प बसणारी मुलगी लेखी चाचणीत दिसत नाही. तिच्यासाठी विचार करायला वेळ देणे, चुकलेल्या उत्तरामागची रीत विचारणे आणि रांगोळीचे ठिपके वर्गात मोजायला लावणे, हे कोणत्याही प्राथमिक शाळेत विनाखर्च करता येते. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांच्याबरोबर मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांचीही ओळख मुलांना पहिली-दुसरीतच करून द्यावी.