हंटिंग गाइड की फील्ड गाइड? खांद्यावर रायफल दोघांच्याही

ताडोब्यात दोन-चार हंगाम गाइड म्हणून काढलेली मुलं विचारतात, "आफ्रिकेत गाइडचा कोर्स करायचाय, कुठे करू?" माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: जंगल दाखवायचंय की शिकार करवायचीय? दक्षिण आफ्रिकेत ही दोन वेगळी शिक्षणं आहेत आणि परवानेही वेगळे. लांबून मात्र माणसं अगदी सारखी दिसतात. अंगात खाकी, मागे पाहुणे, सोबत माग काढणारा आणि हातात .३७५ किंवा .४५८ बोअरची (गोळीची जाडी, इंचांत) रायफल.

पाहुण्यांना पायी हिंडवणाऱ्या फील्ड गाइडसाठी ती रायफल म्हणजे अगदी शेवटची सोय. हत्ती कान पसरून अंगावर आला, तर तो आधी पाहुण्यांना जागच्या जागी थांबवतो, हत्तीला आवाज देतो, मग सगळ्यांना हळूहळू मागे नेतो. पक्षी, झाडं, ठसे, तारे असं सगळं त्याला शिकावं लागतं. पुढे पायी चाललेले तास आणि मोठ्या जनावरांशी झालेल्या गाठी वहीत नोंदवत राहायच्या. १९९० मध्ये सुरू झालेली 'फगासा' ही तिथल्या गाइडांची मोठी संघटना.

हंटिंग गाइडला तिथे 'प्रोफेशनल हंटर' किंवा नुसतं 'पीएच' म्हणतात. परदेशातून शिकारीला आलेल्या माणसासोबत तो असावाच लागतो. चाप ओढतो पाहुणा. पण कोणतं जनावर, किती जवळून आणि कधी, हे पीएच ठरवतो. रानरेड्याचंच घ्या. म्हाताऱ्या नराच्या कपाळावर शिंगांची बुडं जुळून दगडासारखी टणक झालेली असतात. तरण्याची अजून मऊ असतात, मधे केस दिसतात. हा फरक गवतातून, दुर्बिणीतून ओळखायचा, आणि तोही खिशातली राखेची पुरचुंडी झटकून वारा कुठला ते बघत बघत. नेम चुकला तर खरं काम सुरू होतं. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर गोळी फुप्फुसात लागलीय. गडद असेल तर बहुधा यकृतात. हिरवट चोथा दिसला तर पोटात, म्हणजे पाठलाग लांबणार. जखमी रेडा दाट झुडपात दबा धरून बसतो. त्याच्या मागे आत शिरणं आणि त्याच्या वेदना संपवणं ही जबाबदारी पीएचची.

दक्षिण आफ्रिकेत पीएचचा कोर्स किमान १० दिवसांचा असतो, आणि मुलं इथेच फसतात. तेवढ्यात परीक्षा होते, पण वर सांगितलेलं काम अंगात मुरायला अनुभवी पीएचच्या हाताखाली कित्येक हंगाम काढावे लागतात. झिंबाब्वेत हे उमेदवारीचं वळण नियमातच आहे: कायदा, शस्त्रं, प्राण्यांच्या सवयी यांची लेखी परीक्षा, मग उमेदवारी, शेवटी जंगलातच काही दिवसांची कसोटी. तिथे गाइड आणि हंटर दोघांचीही सुरुवात त्याच लेखी परीक्षेने होते. दोघांत गोंधळ व्हायचं तेही एक कारण. केनियात प्रश्नच नाही, १९७७ पासून शिकारीला बंदी आहे.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यामुळे शिकारीचा अनुभव इथे मिळणार नाही, आणि मिळू नयेच. रायफल क्लबात .२२ वर नेम बसतो, पण .३७५ चा खांद्याला बसणारा धक्का त्यातून कळत नाही. ठसे, वारा, पक्ष्यांचे धोक्याचे आवाज हे मात्र इथेच शिकून घ्या, दोन्हीकडे कामी येतं.

पीएचच व्हायचं असेल तर गावातल्या खाटकाजवळ चार सकाळी बसा. कातडं कसं सोलतात ते बघा. बोकडाचं हृदय कुठे असतं ते हाताने चाचपा. ते बरंच खाली, पुढच्या दोन पायांच्या मधे सापडेल. रेड्याचंही तिथेच असतं.