तिघांत एक पासवर्ड: तुकडे करू नका

कोथरूड असो की हडपसर, सोसायट्यांच्या कमिटीत एक तोडगा हमखास सुचवला जातो. महत्त्वाच्या फाइलचा बारा अक्षरी पासवर्ड चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदारांत चार-चार अक्षरं करून वाटायचा. सगळे निर्धास्त! पण दोघांनी संगनमत केलं, की उरतात चारच अक्षरं. ती छोटी इंग्रजी अक्षरं असतील तर शक्यता फक्त ४,५६,९७६. फाइल हाती असेल तर साधा लॅपटॉपही त्या चाळून काढेल. शिवाय खजिनदार मुलाकडे अमेरिकेला गेले, की फाइल बंदच.

१९७९ साली आदी शमीर आणि जॉर्ज ब्लेकली या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे यावर उपाय शोधला. शमीर यांचा उपाय शाळेतल्या भूमितीचा आहे आणि मला तो विलक्षण देखणा वाटतो. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, एका बिंदूतून हव्या तेवढ्या.

पासवर्ड आकड्यातही लिहिता येतो. समजा, ते गुपित ७ आहे. उभ्या अक्षाला ७ वर छेदणारी रेषा घ्या. तिचा चढ चिठ्ठी टाकून ठरवा. ५ आला समजू. मग १, २, ३ या स्थानांवर रेषेची उंची १२, १७, २२. प्रत्येकीला ११ ने भागून फक्त बाकी ठेवा: १, ६, ०. हे तिघांचे वाटे. चेअरमन आणि सेक्रेटरी भेटले, तर पहिल्याची दुप्पट वजा दुसरा: २ − ६ = −४, त्यात ११ मिळवले की ७! इतर जोड्यांनाही असंच सूत्र आहे. ११ मूळसंख्या असल्याने भागाकार कुठे अडत नाही.

एकट्या सेक्रेटरींना ६ वरून काय कळतं? गुपित ० धरलं तर चढ ३, १ धरलं तर ८... अकराच्या अकरा आकडे सारखेच शक्य. म्हणजे काहीच कळत नाही, आणि क्वांटम संगणक आणला तरी कळणार नाही. प्रत्यक्षात ११ ऐवजी प्रचंड मूळसंख्या घेतात. पाचांपैकी तिघं हवेत, तर रेषेऐवजी परवलय (पॅराबोला), कारण ते ठरवायला तीन बिंदू लागतात. मात्र चढ खरोखर यादृच्छिक हवा. अंकशास्त्रवाल्याने सांगितलेला 'शुभ अंक' घातलात, तर चोराचं काम सोपं केलंत. आकड्यांत शुभ-अशुभ काही नसतं.

खरी कमाल पुढे आहे. 'आम्ही कमिटीच आहोत' हे सिद्ध करायला गुपित एकत्र आणावंच लागत नाही. समोरचा एक ताजा यादृच्छिक आकडा देतो. प्रत्येक जण आपापल्या वाट्याने उत्तराचा अंश काढतो आणि अंशांची बेरीज पूर्ण उत्तर बनते. वाटा कुणाच्याच हातून सुटत नाही, कारण प्रत्येक अंशावर त्या खेपेपुरत्या नव्या आकड्याचा मुलामा असतो.

राहिला प्रश्न रेषा काढणाऱ्याचा, त्याला तर सगळंच ठाऊक. मग तिघांनीही आपापली गुप्त रेषा काढून तिचे वाटे इतरांना द्यायचे आणि प्रत्येकाने हाती आलेल्यांत स्वतःचा मिळवून बेरीज करायची. तीन रेषांची बेरीज ही रेषाच असते. ती नेमकी कुठे छेदते, हे तिघांपैकी एकालाही एकट्याने सांगता येत नाही.