खापर कळवले म्हणून शेत जात नाही

नांगरताना जुने खापर, मणी किंवा नाणे निघाले आणि ते कळवले तर सरकार शेतच ताब्यात घेते, असा समज तापी-गिरणेकाठच्या गावांत फार वर्षांपासून आहे. तो चुकीचा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, १० रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. सरकारला तो हवा असल्यास मोबदला द्यावा लागतो. एरवी कोणाचाही हक्क सिद्ध न झाल्यास आणि आपसांत वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा ज्याला सापडले त्याला व उरलेला जमीनमालकाला मिळतो. लपवणाऱ्याचा वाटा मात्र जातो, वर एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. भीतीचे मूळ बहुधा केंद्र-संरक्षित स्मारकांभोवतीच्या १०० मीटरच्या बांधकामबंदीत असावे. पण ती घोषित स्मारकाला लागते, खापराच्या तुकड्याला नव्हे.

अशा जुन्या वस्तूंच्या नोंदीच्या कामात हातभार लावू इच्छिणाऱ्याने खणायचे नसते (उत्साही मंडळी नेमके तेच करतात). वस्तू जागेवर असतानाच शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, गट क्रमांक, बांधापासूनचे अंतर व मातीचा रंग लिहावा आणि खापर घासून धुऊ नये, कारण सावळदा पद्धतीच्या (तापी खोऱ्यातील ताम्रपाषाणयुगीन) भांड्यांची ओळख त्यांवर रंगवलेल्या बाणाग्रांसारख्या आकृत्यांवरून पटते. चाळीसगावजवळच्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे अश्मयुगीन मणी मिळाले आहेत. असा मणी खिशातून आला, तर तो मातीच्या कोणत्या थरातला हे कोणालाही सांगता येत नाही.