हिरडीदाह आणि परिदंतदाह: रक्त सारखे, आजार वेगळे

दात घासताना रक्त आले की आपल्याकडे सरसकट ‘पायोरिया झाला’ असे म्हणतात. या एका शब्दाखाली दोन आजार एकत्र येतात: हिरडीपुरता राहणारा हिरडीदाह, आणि दाताला धरून ठेवणारे तंतू व हाड यांना पोखरणारा परिदंतदाह. दोन्हींत हिरड्या लाल होतात, सुजतात, त्यांतून रक्त येते. पण पहिला पूर्ण बरा होतो, तर दुसऱ्यात झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही. आनुवंशिकतेचा वाटाही दोन्हींत सारखा नाही.

हिरडीदाहाचे कारण सरळ आहे. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील प्रयोगात हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्यांना दाह झाला आणि घासणे पुन्हा सुरू होताच तो ओसरला.

परिदंतदाह असा सर्वांना सारखा होत नाही. लो यांनीच पुढे श्रीलंकेतील चहामळ्यांतल्या ४८० कामगारांची १९७० पासून १५ वर्षे पाहणी केली. दात घासण्याची रीतच नसल्यामुळे त्यांच्या दातांवर जीवाणूंचा थर आणि कीटण भरपूर होते, आणि हिरड्यांना दाह जवळजवळ सर्वांनाच होता. तरीही सुमारे ८ टक्के लोकांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्के हिरडीदाहाच्या पुढे गेलेच नाहीत.

घाण तीच असूनही परिणाम निराळे, याचे उत्तर बरेचसे शरीराच्या प्रतिकारात आहे. जीवाणूंना रोखण्यासाठी पांढऱ्या पेशी हिरडीत जमतात आणि इंटरल्यूकिन-१ सारखी दाह वाढवणारी रसायने स्रवली जातात. हा दाह वेळेत आवरला गेला नाही, तर हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात; म्हणजे सुरुवात जीवाणू करतात, पण बरीचशी नासधूस आपल्याच दाहामुळे होते. तो किती भडकावा, यावर जनुकांचा प्रभाव असतो. अमेरिकेत ११७ प्रौढ जुळ्या जोड्यांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिदंतदाहातील सुमारे निम्मा फरक आनुवंशिकतेशी जोडता आला. हिरडीदाहात मात्र तसा पुरावा मिळाला नाही. (निम्मा फरक म्हणजे लोकांमधील तफावतीचा निम्मा भाग; एखाद्याच्या आजाराचा अर्धा भाग आईवडिलांकडून आला, असा त्याचा अर्थ नव्हे.) एकाच जनुकातील दोषाने हाड झिजण्याची उदाहरणेही आहेत. पापिऑन-लफेव्र या विकारात तळहात-तळपाय जाड होतात आणि दुधाचे दातही लवकर पडतात. पण तो फार दुर्मीळ आहे. नेहमीच्या परिदंतदाहात अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो, आणि धूम्रपान व आटोक्यात नसलेला मधुमेह त्यात भर घालतात.

म्हणून रक्तावरून निदान करणे फसवे ठरते. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, आणि हाड झिजत असतानाही सारे ठीक असल्याचा भास होतो. दंतवैद्य खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामध्ये घालून खोली मोजतात. ती साधारण ३ मिलिमीटरपर्यंत ठीक मानली जाते. त्याहून जास्त भरली, तर नुसती सूज आहे की हाड खरोखर खाली गेले आहे, हे तंतूंची पातळी मोजून आणि एक्स-रे पाहून ठरते. आईवडिलांचे किंवा भावंडांचे दात तरुणपणीच हलू लागले असतील, तर ही तपासणी रक्त येण्याची वाट न पाहता करून घ्यावी.