मातृवंदनेचा फॉर्म सोपा आहे, पैसे अडकतात ते आधारमुळे

दिवस गेल्याचं कळलं की आपल्याकडे तीन महिने कोणाला सांगत नाहीत, ठीक आहे, पण आशाताईला तेवढं सांगून ठेवा. कारण प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पहिला हप्ता ३००० चा, आणि तो मिळायला गरोदरपणाची नोंद आणि निदान एक तपासणी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत झालेली लागते. बाळाच्या जन्माची नोंद झाली आणि १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्या की उरलेले २०००. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच ६०००, एकदम, त्यालाही नोंद गरोदरपणातच पाहिजे. मुलगा झाला तर काही नाही.

पात्रतेला एकच पुरावा पुरतो. पिवळं रेशनकार्ड, अन्नसुरक्षेचं कार्ड, ई-श्रम, मनरेगाचं जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, बाईच्या नावावर पीएम किसान, एससी-एसटीचा दाखला, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला, यातलं काहीच नसेल तर वर्षाला ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला. सरकारी नोकरीवाल्यांना ही योजना नाही.

बाकी लागतं बाईचं आधार, माता-बाल संरक्षण कार्ड, मोबाईल नंबर, बँक खातं आणि नंतर जन्मदाखला. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही, सोडून गेलेल्या बायकांची त्यात फार अडचण व्हायची. फॉर्म आशाताई नाहीतर अंगणवाडी सेविका भरून देते, पोर्टलवर स्वतःही भरता येतो.

आता खरी गोम. सगळ्यांचा एकच प्रश्न, "पैसा कव्हय येतीन?" अहो पैसे जातात आधारला जोडलेल्या खात्यात, म्हणजे फॉर्मवर तुम्ही कोणतं पासबुक लावलं त्याच्याशी संबंध नाही, लग्नाआधी माहेरी काढलेलं खातं जोडलेलं असलं तर पैसे तिकडेच जाणार आणि ते बंद पडलेलं असलं तर परत फिरणार. बँकेत जाऊन नुसतं "केवायसी करा" म्हणू नका, "डीबीटीसाठी आधार सीडिंग करा" असं सांगा, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला ह्या खात्याला आधार जोडून देतील. आधारवर आडनाव माहेरचं आणि माता-बाल कार्डावर सासरचं असेल तर सगळीकडे आधारवर आहे तेच नाव लिहायला लावा.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं, किंवा आपल्या नंदुरबारातल्या नवापूर-धडगावकडची कुटुंबं कामाला गुजरातमध्ये गेलेली असतात. सुरतला डिलिव्हरी झाली तर जन्मदाखला तिथलाच मिळणार, तो चालतो, पण लसी जिथे घ्याल तिथे कार्डावर तारीख टाकून घ्या. अर्जाला बाळंतपणानंतर ठरावीक मुदत असते, ती आशाताईला विचारून घ्या.

मुलगी असेल आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी, उत्पन्न लाखाच्या आत, तर राज्य सरकारच्या लेक लाडकी योजनेचा फॉर्मही अंगणवाडीतच भरून टाका. १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींना जन्माचे ५०००, पुढे शाळेच्या टप्प्यांवर आणि १८ व्या वर्षी ७५ हजार, मिळून १ लाख १ हजार. लेक लाडकीत पहिल्या बाळाच्या तिसऱ्या हप्त्याला आणि दुसऱ्या बाळाच्या दुसऱ्या हप्त्याला मात्र आई किंवा बाप, एकाच्या नसबंदीचा दाखला मागतात.