जुळलं नाही, म्हणजे नवी प्रजाती झाली का?

फुलातून यीस्ट वेगळं केलं, यीस्टची ओळख पटवायला वापरतात तो डीएनएचा डी१/डी२ तुकडा वाचून घेतला, ज्ञात प्रजातींच्या डेटाबेसमध्ये टाकला. ९८ टक्केच जुळला. लगेच पोस्टरवर मथळा: 'नव्या प्रजातीचा शोध'. दरवर्षी हे दिसतं आणि दरवर्षी जीव तुटतो. ओळख पटवायला गेलात आणि पटली नाही, एवढंच अजून घडलंय. प्रजातीचं वर्णन करणं हे निराळं काम आहे.

ओळख पटवणं तुम्ही प्रयोगशाळेत रोज करता, त्यावर फार लिहीत नाही. 'यीस्ट' हे एक कुळ नसून बुरशींची एकपेशीय राहून वाढण्याची रीत आहे, हेही तुम्हाला ठाऊक असेल. पावातलं सॅकरोमायसीस बुरशींच्या वंशवृक्षाच्या एका फांदीवर, क्रिप्टोकॉकस पार भूछत्रांच्या फांदीवर.

घोळ होतो तो एका टक्क्यापाशी. १९९८ मध्ये कुर्ट्झमन आणि रॉबनेट या संशोधकांनी यीस्टच्या सुमारे ५०० प्रजाती तपासून सांगितलं, की साधारण ६०० अक्षरांच्या या तुकड्यात एकाच प्रजातीच्या स्ट्रेनमध्ये (वेगवेगळ्या वाणांमध्ये) तीनपर्यंत फरक आढळतात. सहा (म्हणजे एक टक्का) किंवा जास्त असतील तर प्रजाती बहुधा वेगळ्या. तो 'बहुधा' सगळे गाळतात! क्लॅव्हिस्पोरा लुसिटानिये या एकाच प्रजातीत, आपसात संकर होणाऱ्या स्ट्रेनमध्येसुद्धा, याहून कितीतरी जास्त फरक सापडले आहेत. एक टक्का ही 'पुढे तपासा' अशी खूण आहे, निकाल नाही. पुढे म्हणजे इतर जनुकं, जमल्यास पूर्ण जीनोम, आणि कोणत्या साखरा पचतात त्याच्या चाचण्या.

ओळख पटवताना आपण ज्ञात नमुन्याशी ताडून पाहतो. वर्णन करताना तो नमुनाच आपण ठरवतो. यापुढे जगानं त्याच्याशी ताडायचं असतं. म्हणून बुरशींना नावं देण्याचे नियम सांगणाऱ्या नामकरण संहितेच्या अटी कडक आहेत: लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन, मायकोबँकसारख्या नोंदवहीतला क्रमांक (२०१३ पासून सक्तीचा) आणि चयापचय थांबवून जपलेली कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेला जीव), म्हणजे फ्रीझ-ड्राय केलेली किंवा अतिथंड साठवलेली. फ्रिजमधला स्लँट, म्हणजे नळीतल्या तिरक्या माध्यमावर वाढती ठेवलेली कल्चर, चालत नाही. वाढत राहणारी कल्चर बदलत जाते, आणि नाव ज्या खुंट्याला बांधायचं तोच हलता असून कसं भागेल?

कँडिडा ऑरिस या यीस्टचं बघा. जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून मिळालेल्या स्ट्रेनवरून २००९ मध्ये तिचं वर्णन झालं. पुढे कोरियातला १९९६ चा, रक्तातून मिळालेला स्ट्रेनही तीच प्रजाती निघाला. ताडायला नमुनाच नव्हता, तोवर ओळख कशी पटणार? २०२४ मध्ये तिला कँडिडोझायमा या वंशात हलवलं. पहिलं, म्हणजे वंशाचं, नाव बदललं, पण 'ऑरिस' आणि तो मूळ स्ट्रेन जागचे हलले नाहीत.

ऑरिसचं वर्णन एकाच स्ट्रेनवरून झालं आणि नियमाला ते चालतं. माझं मत मात्र ठाम आहे: घाई नसेल तर एका स्ट्रेनवर नाव देऊ नये. प्रजातीच्या आत किती फरक असतो हेच कळत नाही, मग शेजारणीपासूनचा फरक मोजायचा कशाच्या आधारावर? त्याच झाडाकडे पुढच्या हंगामात पुन्हा जा. दरम्यान कल्चर जमा करायची सोय बघून ठेवा. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. नव्या प्रजातीचा नमुना नेमून दिलेल्या संग्रहात ठेवणं आपल्याकडे जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार बंधनकारकही आहे.